न भाजलेला राब

आमच्या मावळात भात पेरायच्या आधी जमीन भाजतात. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. जमीन म्हणजे काय वांगं आहे, भाजायला? पण भाजतात. शिमगा झाला की रानातून झाडांच्या पानासकट लहान फांद्या तोडून आणायच्या. त्याला आम्ही कवळ म्हणतो. ते उन्हात वाळू द्यायचं. मग खाचराशेजारी जरा उंच जागा बघून खाली शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यावर बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावायची, म्हणजे आग धावत नाही, रांगते. धुमसून धुमसून जो काळा, भुसभुशीत तुकडा तयार होतो तो राब. तणाचं बी आतल्या आत जळून जातं. पुढे त्यात भाताचं रोप येतं ते इतकं गच्च येतं की गुरांपासून राखावं लागतं. तेच रोप उपटून खाचरात लावायचं. राब भाजला नाही तर लावायला हाताशी काही राहत नाही. यात समजायला अवघड असं काहीच नाही. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मला हे ठाऊक आहे.

आणि तरीही एका उन्हाळ्यात मी गावोगाव, वाडीवाडीवर जाऊन बायकांना सांगत फिरले, राब भाजू नका.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा साठीच्या अलीकडे होते आणि स्वतःला तरणी समजत होते. दोन नातवंडं झाली होती, पण गुडघे शाबूत होते, आणि गुडघे शाबूत असलेल्या बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. शिवाय मी गावच्या बचत गटाची अध्यक्ष होते. अध्यक्ष झाल्यापासून मी चालताना पिशवी हातात न धरता काखेत धरायला लागले होते. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, कामशेतला जाणाऱ्या रस्त्यावर पुठ्ठ्याची खोकी करणारा कारखाना आहे. पुठ्ठा चिकटवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरला तेव्हा दगडी कोळसा लागायचा. ट्रक भरभरून यायचा. धुरांड्यातून निघालेला काळा लोट वारा असेल तसा कधी आमच्यावर, कधी पलीकडच्या गावावर जायचा. मी गच्चीत घातलेल्या कुरडयांवर काजळीचे ठिपके पडायचे. आमचे हे म्हणायचे, "तीळ लावलेत असं समज आणि तळ." गावातली दहा-बारा पोरं तिथं कामाला होती, म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं.

एक दिवस कारखान्यातून एक बाई आमच्या ओसरीवर आली. पुण्याची, माझ्या धाकट्या मुलीएवढी. कारखान्याचं पर्यावरणाचं काम बघायची. ती मुलगी चांगली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही सगळा राग तिच्यावर काढाल, आणि ते मला सोयीचं असलं तरी खरं नाही.

ती म्हणाली, "मावशी, आमची खोकी परदेशात जाणाऱ्या मालाला लागतात. आता तिकडचे लोक विचारतात, हे खोकं करताना किती कार्बन हवेत सोडला. तो कमी केला नाही तर ऑर्डर दुसरीकडे जाणार."

मी म्हटलं, "परदेशातल्या माणसाला माझ्या कुरडया दिसल्या की काय?"

ती हसली. मग तिनं मला नीट समजावलं. कोळसा हा जमिनीच्या पोटात गाडलेला, तो जाळला की त्याचा धूर वर जातो तो जातोच. पण पान जाळलं तर पुढच्या वर्षी झाडाला नवं पान फुटतं आणि ते तेवढाच धूर परत ओढून घेतं. म्हणून कोळशाऐवजी पाला, भाताचं तूस, लाकडाचा भुसा असलं दाबून त्याच्या कांड्या करायच्या आणि त्या बॉयलरला घालायच्या. या कांड्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. मी नंतर पाहिला. पांढराही नव्हता आणि कोळसाही नव्हता, शेवेच्या साच्यातून काढलेल्या शेणासारखा दिसत होता.

मला तिचं म्हणणं पटलं. आजही पटतं. आमचा पाऊस कसा वेड्यासारखा वागायला लागलाय ते मी डोळ्यांनी बघते. कुणीतरी कोळसा कमी करायलाच हवा होता.

मग तिनं विचारलं, "तुमच्या भागात पाला भरपूर असेल ना? वाया जात असेल?"

मी म्हटलं, "वाया? ढिगानं! उन्हाळ्यात नुसता जाळून टाकतात."

नुसता. हा शब्द मी उच्चारला. तिच्या वहीत काहीतरी उपयोगाचं लिहिलं जावं, पुण्याच्या बाईनं मान डोलवावी, एवढ्यासाठी. आणि तिनं डोलवली. आठ दिवसांनी ती एक कागद घेऊन आली. वर आमच्या गटाचं नाव, खाली टाइप केलेलं, की या परिसरातला पालापाचोळा कोणत्याही उपयोगात येत नसून दरवर्षी उघड्यावर जाळला जातो. मी चष्मा लावला, वाचल्यासारखं केलं आणि झोकात सही ठोकली. माझ्या सहीच्या शेवटी एक वेलांटी आहे. ती त्या दिवशी जरा जास्तच लांब गेली.

पाला गोळा करायचं काम गटाकडे आलं. मी भाषण तयार केलं. आरशापुढे उभी राहून म्हणायची, "भगिनींनो, आपल्या राबाचा धूर सगळं जग तापवतो आहे." आमचे हे दाढी करायला आरसा मागायचे तर मी म्हणायची, जगाचं बघू का तुमच्या गालाचं? कारखान्यानं दिलेली हिरवी टोपी मी पदरावरून घालायची. डोक्यावर पदर, पदरावर टोपी. त्या अवतारात मी लोकांना शहाणपण सांगत होते.

गावातल्या बायकांनी फारसं काही विचारलं नाही. बऱ्याच घरांनी जमिनी बंगलेवाल्यांना विकल्या होत्या, ज्यांच्या उरल्या त्यातले काही कामशेतहून युरिया आणून टाकायचे. प्रश्न आला तो वरच्या ठाकरवाडीवर.

वाडीत एक बाई होती. माझ्या थोरल्या सुनेच्या वयाची, अंगानं काटक, बोलायला कमी. नवरा लोणावळ्याच्या बाजूला एका बंगल्यावर राखणीला, महिन्यातून एकदा येणारा. घरी ती आणि म्हातारी सासू. वाडीच्या खाली, झऱ्याजवळ तिची तीन खाचरं होती, तीनही मिळून आमच्या अंगणाएवढी. सासऱ्यानं उतारावर दगड रचून, खालची माती पाटीनं वर वाहून केलेली. पण त्या तीन खाचरांवर त्यांचा वर्षाचा भात निघायचा. वाडीत बाकी सगळे उतारावर नाचणी करायचे आणि तांदूळ रेशनचा खायचे. ही एकटी घरचा भात खायची आणि रेशनचा शेजारणीला देऊन टाकायची. तिच्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

वाडीच्या देवळापुढे मी भाषण केलं. संपल्यावर तिनं विचारलं, "मावशे, पाला समदा दिला तर राब कशाचा भाजू?"

"भाजायचाच नाही. युरिया टाकायचा. आता कोण भाजतंय?"

"आमी भाजतो."

बायका हसल्या. मला वाटलं माझ्यावर हसल्या. बहुतेक माझ्यावरच हसल्या असतील.

"अगं, तुझ्या राबाच्या धुरानं हवा बिघडते."

"एवढ्याशा राबानं? मंग त्या धुरांड्यानं काय व्हतंय?"

"तेच तर थांबवायचंय. म्हणून तर पाला द्यायचा."

ती मग म्हणाली, "म्हंजी धूर त्यांचा आनि पाला माजा."

उत्तर नसलं की मी आवाज चढवायची, किंवा दुसरं काहीतरी काढायची. त्या दिवशी दुसरं काढलं. वाडीच्या वरच्या उतारावरचं रान कागदावर आमच्या घराचं आहे. पण कवळ तोडायचं वाडीनं, आणि त्याबद्दल आमच्या लावणीला दोन दिवस यायचं, हे माझ्या आजेसासूच्याही आधीपासून चालत आलेलं. कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची कधी गरजच पडली नव्हती. मी हसत हसत म्हटलं, "या वर्षी आमच्या रानातलं कवळ गटाला. कुणी एक फांदी न्यायची नाही बरं का!"

एक म्हातारा तंबाखू मळत होता, तो थांबला.

ती म्हणाली, "तुमचं रान, मावशे. तुमी म्हनाल तसं."

मी टोपी सारखी केली आणि खाली उतरले. उतरताना मला वाटत होतं, किती छान पटवलं.

आता घरची गोष्ट सांगते. ती सांगायला मला इतकी वर्षं लागली. त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी नदीकडच्या तुकड्यात, बांबूच्या बेटाआड, शेण टाकायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "अहो, हे काय? मी लोकांना काय सांगत फिरतेय?"

"तू भाषण दे. राब मी भाजणार."

"लोकांनी बघितलं तर?"

"लोक पाला वेचायला गेलेत. तूच धाडलेस."

"मग युरिया..."

"तुझ्या युरियात रोप येईल, पण माझा त्यावर भरवसा नाही. तुझा आहे का? असेल तर सांग, आत्ता थांबतो."

मी पदर खोचला आणि शेणाच्या पाट्या उचलायला लागले. कवळ गटाच्या ढिगातूनच आणलं होतं, सकाळी टेम्पो यायच्या आधी. काडी ह्यांनी लावली, पण आग कुठे विझू नये म्हणून काठीनं सारखी करत मीच उभी होते. धूर बेटावरून वर गेला तेव्हा खालून एक जण विचारायला आली. मी म्हटलं, "बांबूची पानं पडली होती फार, तीच पेटवली." ती बरं म्हणून गेली. अध्यक्षांवर कोण संशय घेणार?

चैत्र-वैशाखात टेम्पोमागून टेम्पो गेले. कारखान्यानं कांड्या करायचं यंत्र बसवलं. कोळशाचे ट्रक कमी झाले आणि मग थांबले. काळा लोट गेला, त्या जागी पातळ, दुधी धूर यायला लागला. माझ्या कुरडया पांढऱ्या राहिल्या. यातलं काही खोटं नव्हतं. कुसगावच्या एका हॉटेलात कारखान्यानं समारंभ केला. पडद्यावर एक रेघ खाली खाली जात होती, तो म्हणे कमी झालेला कार्बन. मला शाल दिली. मी भाषणात म्हटलं, "आमच्या बायकांनी कचऱ्याचं सोनं केलं." टाळ्या पडल्या. एसीत मला हुडहुडी भरली होती, पण शाल पांघरली तर साडी दिसणार नाही म्हणून मी ती मांडीवर ठेवून कुडकुडत बसले.

मग पेरण्या झाल्या, पाऊस लागला. वाडीवर काय चाललंय ते मला माहीत नव्हतं, कारण भाषणानंतर मी तिकडे गेलेच नव्हते. नंतर कळलं. तिनं न भाजलेल्या जमिनीत बी टाकलं होतं. आठ दिवसांत भातापेक्षा तण वर आलं. ती आणि सासू सकाळपासून बसून एकेक काडी निवडून उपटायच्या. लहानपणी भात आणि तण सारखंच दिसतं, त्यामुळे तणाबरोबर भातही निघून यायचा. माझं ऐकून तिनं युरियाही आणून टाकला. उतारावरची जमीन, आमचा पाऊस. दुसऱ्या सरीला तो ओढ्यात गेला. जे रोप राहिलं ते हळदीच्या रंगाचं, बोटभर.

हे सगळं मागाहून. मला समजलं ते वेगळ्या तऱ्हेनं.

आमची लावणी निघाली. ठरल्याप्रमाणे वाडीच्या बायका आल्या, तीही आली. कवळ नेलं नव्हतं तरी दोन दिवस द्यायला आली, हे लक्षात घ्या. मी तेव्हा घेतलं नाही. बायका अंगावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन बांबूच्या बेटाआड रोप उपटायला बसल्या. आमचं रोप त्या वर्षी दृष्ट लागण्यासारखं होतं. मुठीत धरून ओढलं की सुर्रकन निघायचं. मुळांची माती पायावर आपटून झाडायची, जुडी बांधायची, मागे टाकायची. बायकांची गाणी-थट्टा चाललेली. मी काठाला उभी राहून छत्रीखालून देखरेख करत होते.

तिनं एक जुडी झाडली आणि थांबली. मुळांत अडकलेलं काहीतरी काढून बोटांत धरलं. जळक्या फांदीचा तुकडा होता, करंगळीएवढा. तिनं तो चुरडला. बोटं काळी झाली. मग हाताखालची माती उचलून तीही बोटांत चोळून बघितली. मग वर बघितलं, माझ्याकडे नाही, बेटाकडे, आणि पुन्हा कामाला लागली.

थोड्या वेळानं, मान खाली घालूनच म्हणाली, "मावशे, तुमचा राब लय झ्याक भाजलाय."

मी म्हटलं, "राब कसला? बांबूचा कचरा जाळला होता."

"व्हय," ती म्हणाली. "कचराच."

बाकीच्या बायकांनीही मुळांतली माती बोटांत चोळून बघितली. मला वाटलं आता कुणीतरी काही म्हणेल, भांडेल, मला चार शब्द सुनावेल. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. नुसत्या जुड्या मागे पडत राहिल्या.

दुपारी भाकरी खाताना ती माझ्यापाशी आली. "मावशे, माजं रोप न्हाई आलं. उरलं तर तीन खाचरापुरतं द्याल?"

आमच्याकडे असा रिवाज आहे, की मालकाची लावणी संपल्यावर उरलेलं रोप मागणाऱ्याला द्यायचं, नाही म्हणायचं नाही. त्या वर्षी मागणारे पुष्कळ होते आणि रोप असलेली घरं तीन-चार. मी म्हटलं, "उरलं तर देते की. आधी आमचं होऊ दे."

त्या दिवशी, तिथल्या तिथं, दहा जुड्या तिच्या डोक्यावर ठेवता आल्या असत्या. ठेवल्या नाहीत, कारण द्यायच्या म्हणजे तो राब होता हे कबूल करायचं. आणि आणखी एक. ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, त्याचा मला राग आला होता. चूक माझी होती, आणि माझा राग मात्र तिच्यावर.

मग पावसानं दडी मारली. आमची वरची खाचरं कोरडी पडली, लावणी रेंगाळली. ती दोनदा येऊन ओसरीखाली उभी राहून गेली. पहिल्यांदा मी म्हटलं, अजून झालं नाही. दुसऱ्यांदा सुनेकरवी सांगितलं. शेवटी आमचं संपलं तेव्हा उरलेलं सगळं तिला दिलं, मोजलंही नाही, हात सैल सोडून दिलं. पण तोवर रोपाला कांडं धरलं होतं. असं जून झालेलं रोप लावलं तर उभं राहतं, फुटत नाही. तिनं तरीही लावलं. दसऱ्याला मी लांबून पाहिलं तेव्हा खाचरं हिरवी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. लांबून पाहण्याचा हा फायदा असतो. लोंबीत दाणाच भरला नव्हता, सगळं पोचट. कापून तिनं ते गुरांना घातलं. पुढच्या पेरणीसाठी राखलेलं बियाण्याचं भात सासूनं आणि तिनं संक्रांतीपर्यंत शिजवून खाल्लं.

पुढच्या उन्हाळ्यात पाला पुरेना. यंत्राचं पोट मोठं होतं. आधी पाला घेत होते, मग फांद्या घ्यायला लागले, मग एक ठेकेदार करवतीचं मशीन घेऊन आला. आमच्या ह्यांनी आणि मुलांनी वरचं रान त्याला तोडायला दिलं. मी त्या बैठकीत चहा दिला. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं कांड्यांत गेलं. दुधी धूर तसाच सुरू राहिला आणि पडद्यावरची रेघही बहुधा तशीच खाली गेली असेल.

तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली आणि मी कारखान्यात त्या पुण्याच्या बाईकडे गेले. म्हटलं, "अगं, झाडं तोडतायत. आणि तो पाला वाया जात नव्हता. आम्ही त्यावर भात करायचो."

ती उठली. मग कपाटातून फाइल काढून तिनं तो कागद माझ्यापुढे ठेवला. कोणत्याही उपयोगात येत नसून. खाली माझी लांब वेलांटी.

"मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"मी आणखी कुणाला तरी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पण मला जे हवं होतं तेच तुम्ही सांगितलंत. मग मी कशाला विचारू?"

तिचे डोळे भरले होते. ती दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून गेली. कारखान्याला दुसरं माणूस मिळालं, कांड्यांना दुसरे ठेकेदार.

वाडीवाल्या बाईला बॉयलरवर काम लागलं. कांड्या पाटीत भरायच्या आणि तोंडाशी नेऊन ओतायच्या. पाळीपाळीनं. गावात लोक म्हणाले, बरं झालं, महिन्याचा पगार सुरू झाला. मीही म्हणाले. मनाशी हिशोब मिटवल्यासारखं वाटलं.

पण मिटला नव्हता. दोन वर्षांनी आषाढात, बांधावरच्या झाडांच्या फांद्यांवर भाजलेल्या आमच्या राबात पुन्हा रोप गच्च आलेलं असताना, मी पहिल्याच दिवशी बारा चांगल्या जुड्या वेगळ्या काढल्या. लावणीच्या आधी. ओल्या पोत्यात गुंडाळून टेम्पोतून कारखान्यापाशी उतरले. दारावरच्या माणसानं शालवाल्या मावशी म्हणून आत सोडलं.

ती निळ्या कपड्यांत होती, नाकातोंडाला रुमाल बांधलेला. भुवयांवर भुशाची पिवळी पूड बसली होती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली.

मी म्हटलं, "रोप आणलंय. कोवळं आहे, आज सकाळीच उपटलंय. तुझ्या सुट्टीच्या दिवशी दोघी मिळून लावू. मी येते."

"कुटं लावायचं?"

"कुठं म्हणजे? तुझ्या खाचरात."

तिनं रुमाल खाली ओढला. हसली की खोकली ते मला कळलं नाही. "मावशे, तुमी वर आलाच न्हाई का?"

"नाही गं."

"वरची झाडं ग्येली ना. मागच्या पावसात समदा मुरूम खाली आला. दगडं आली. तीनी खाचरं बुजली. पानी थांबायला बांध लागतो, बांधच न्हाई." मग माझा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. "घरी द्या सासूपाशी. हितं ऱ्हाऊन वाळंल ते."

आत कुणीतरी हाक मारली. तिनं रुमाल वर केला, पाटी उचलली आणि गेली.

मी वाडीवर चढले. गुडघे तेव्हा बोलायला लागले होते, चार ठिकाणी बसावं लागलं. उतार उघडा पडला होता, बुंध्यांची कापलेली तोंडं काळी पडलेली. समोर तिकोणा किल्ला ढगातून निम्मा बाहेर आला होता. झऱ्याजवळ खाचरं शोधली. लालसर मुरूम आणि डोक्याएवढाले दगड, त्यात वरच्या बांधाचा एक कोपरा तेवढा अजून रचलेला दिसत होता. पाणी त्याला वळसा घालून सरळ खाली जात होतं.

घराच्या दारात म्हातारी बसली होती. मी पोतं उघडून जुड्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं एक हातात घेतली, मुळं चाचपली, पात चिमटीत धरून पाहिली. नाकाशी नेली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "राबातलं हाय."

"होय."

"आमच्यात आता कोन लावनार? हितंच ऱ्हाऊ द्या. शेळी खाईल."

तिनं दाराच्या खांबाला बांधलेला शेळीचा दोर सैल केला. शेळी पुढे आली आणि पहिल्या जुडीत तोंड घातलं. म्हातारीनं मला बसायला पोतं दिलं, आणि मी, भात लावणाऱ्या घरची बाई, बारा जुड्या संपेपर्यंत तिथं बसून राहिले.